कोरा ठसा

बर्फ छापता येत नाही,
हे सेइसाकुंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.
शाई डोंगराच्या सावलीला, आभाळाला,
ओढ्याच्या त्या एका निळ्या रेघेला.
बर्फ म्हणजे जिथं आपण हात आवरतो.

मी चौदा वर्षांचा. असाकुसाच्या मागची गल्ली,
चेरीच्या लाकडाची फळी, आरशासारखी घासलेली,
तिच्यावर चित्रकाराचा पातळ कागद पालथा चिकटवलेला:
उलटा डोंगर, उलटी झाडं,
पुलावरून छत्री धरून उलट्या दिशेनं निघालेली बाई.
सेइसाकु तिच्या छत्रीच्या काड्या कोरायचे
श्वास धरून. केसाएवढ्या रेघेच्या दोन्ही अंगांनी
लाकूड निघून जायचं, रेघ तेवढी उभी राहायची.
माझ्या वाट्याला डोंगर.
रुंद पटाशी, लाकडी हातोडी, आणि
"काढ हे सगळं. इथं बर्फ आहे."

दिवसभर मी बर्फ उकरायचो.
संध्याकाळी ढलप्या गोळा करून शेगडीत.
चेरीचं लाकूड जळताना गोडसर वास येतो.
डोंगरभर बर्फाच्या जागचं लाकूड जाळून
आम्ही हात शेकत बसायचो.

प्रकाशक हिरानुमा यायचे, बूट उंबऱ्याबाहेर काढून.
लोकांना बर्फ आवडतो, म्हणायचे,
पण शांत हवा. छपरांवर गुबगुबीत.
सेइसाकु हो हो म्हणायचे,
मान खाली, पटाशीला धार लावत.

ते एचिगोचे. तिथं बर्फ दाराशी थांबत नाही.
माळ्याच्या खिडकीतून पाय बाहेर टाकायचा
आणि सरळ चालू लागायचं.
छपरावरचा बर्फ रोज ओढला नाही
तर रात्री तुळया बोलायला लागतात.
हे त्यांनी एकदाच सांगितलं, साके जरा जास्त झाल्यावर.
धाकट्या भावाचं नाव घेतलं, योनेजी,
तो डोंगरापलीकडच्या गावाला निघाला होता,
आणि थांबले.
शेगडीत एक ढलपी तडतडली.
पुढचं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

कागदही तिकडूनच यायचा.
तुतीच्या सालीचे पट्टे बायका बर्फावर पसरून ठेवतात
थंडी सरता सरता, आठवडाभर.
खालून बर्फ, वरून ऊन, दोघं मिळून त्यांचा पिवळेपणा खातात.
"बघ," ताव उजेडाला धरून ते म्हणाले,
"बर्फ ह्याच्यात आधीच पडून गेलाय.
आपण फक्त त्याच्यावर पाय द्यायचा नाही."

आणि स्वतःच दिला.

छापणारे जिम्बेई. ओल्या फळीवर निळा रंग,
ब्रशाच्या एका फिरवणीत वर गडद, खाली विरत गेलेला,
बांबूच्या सालीत बांधलेली चकती गोल गोल.
शेवटचा ठसा कोरा: शाई नाही,
नुसता कोपराचा भार, म्हणजे बर्फ कागदावर फुगून येतो.
ती फळी सेइसाकुंनी एकट्यानं कोरली होती.
अकरा ठिकाणी लाकूड काढलंच नव्हतं.

हिरानुमांनी खिडकीशी उभं राहून पाहिलं.
छान, म्हणाले. शांत. दोनशे प्रती काढा.

दिवा बाजूला, खाली धरला तर दिसायची:
पूल जिथं संपतो तिथून डोंगराकडे
पावलं.
परतीची नाहीत.
छत्रीवाली बाई तिकडे पाहतही नाही,
तिला चित्रकारानं तसं काढलेलंच नाही.

जिम्बेईंनी पाहिलं असणार. त्यांच्या कोपराला कळलं असणार.
ते काही बोलले नाहीत, सगळ्या दोनशे प्रतींत
तेवढाच भार दिला.

माझ्याकडची प्रत सुनेनं काचेत बसवून घेतली,
चांगल्या हेतूनं. काच कागदाला दाबते.
अजूनही बर्फ पडला की मी दुपारी ती उतरवतो,
खिडकीकडे तिरकी धरतो, मोजतो.
गेल्या हिवाळ्यात नऊ भरली.